अण्णांच्या सायकलच्या मुठी

आमचे अण्णा हल्ली सायकल चालवत नाहीत. सायकल धरून चालतात. कार्ल्याहून लोणावळ्याला जुन्या हमरस्त्याने त्यांनी वर्षानुवर्षे दुधाचे कॅन वाहिले. आता वय ७९, गुडघे कुरकुरतात. पण काठी घ्या म्हटले की उत्तर ठरलेले, "काठी म्हाताऱ्याला लागती." रोज सकाळी हँडल धरून ते देवळापर्यंत जातात, पारावर टेकतात आणि परत येतात. बघणाऱ्याला वाटावे, गडी आत्ताच सायकलवरून उतरला!

गेल्या आषाढात मात्र घात झाला. भर पावसात उजवी मूठ दांडीवरून निसटून हातात आली आणि अण्णा कोसळले. मनगट प्लास्टरमध्ये गेले. रागाच्या भरात मी म्हणालो, "ती सायकल आता भंगारात घालतो." अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने कामाला लागलो.

प्लास्टिकच्या मुठी उन्हाने चिकट होतात आणि आत पाणी शिरले की दांडीवर गरगर फिरतात. लोणावळ्याच्या पावसात त्या नकोतच, म्हणून आधी बुचाच्या आणल्या. बूच ही पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक वृक्षाची साल. दर नऊ-दहा वर्षांनी ती सोलून घेतात, झाड उभेच राहते. आपल्या गगनजाईला बुचाचे झाड म्हणतात, तेही तिच्या सालीवरूनच. मूठ हाताला उबदार लागली, पण जाड. दुखऱ्या हाताच्या बोटांत ती मावेना.

मग सुती दोरी घेतली. २२ मिलिमीटरची दांडी पॉलिश पेपरने घासून गंज काढला, स्पिरिटने पुसली. सुतार लाकडाला लावतात तीच चपडी लाख, २० ग्रॅम, १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून विरघळवली. तिचा एक हात दांडीला दिला आणि तो ओला असतानाच दोरीचे वेढे एकमेकांना खेटून आवळले. शेवटच्या दहा-बारा वेढ्यांखाली दोऱ्याचा एक फास ठेवायचा. दोरीचे टोक त्यात ओवून फास ओढला की टोक वेढ्यांखाली दडते. गाठ नाही, म्हणून तळव्याला काही टोचत नाही.

हौसेने मी वर लाखेचे पाच हात दिले. मूठ आरशासारखी चमकली. अण्णांनी त्यावर ओला हात फिरवला. "मूठ हाय का काचेची बरणी?"

सगळे उसवले. दुसऱ्या खेपेला दोनच पातळ हात दिले. दोरीचे कंगोरे बोटांना जाणवत राहिले. लाख पाण्याने पांढरी पडते, म्हणून वाळल्यावर मधाच्या पोळ्याचे मेण चोळले. पाइपच्या उघड्या तोंडात लाकडी गुडदी ठोकली. दोन्ही मुठी पिळून, ओढून पाहिल्या, हलल्या नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर अण्णांनी हँडल धरले, मुठी दाबल्या आणि काही न बोलता फाटकाबाहेर पडले. मी खिडकीतून पाहत होतो. पार आला तरी ते टेकले नाहीत. तसेच पुढे गेले.

पाऊस सरला की दोरी उसवून नवी गुंडाळावी लागेल. दोरीचे बंडल मी आणून ठेवले आहे.