ज्याला चढत नाही

जबलपूरच्या गढ्यात, मदनमहालाच्या टेकडीखाली आमच्या काकांचं घर होतं. होळीला किंवा लग्नकार्यात पुरुषांची बैठक बसली की काकांचं नाव कौतुकानं निघायचं. ‘यांना चढतच नाही. बाटली संपली तरी सरळ चालत घरी जातात.’ दोन पेगांत ज्याची जीभ जड व्हायची त्याची टिंगल, आणि पचवणाऱ्याला मान. पन्नाशी गाठायच्या आतच सकाळच्या चहाला काकांच्या हातातली कपबशी वाजू लागली. पोटात दारूचा पहिला घोट गेल्याशिवाय हात थांबत नसे. तो आवाज शेजारी जाऊ नये म्हणून काकू त्यांना स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा देऊ लागल्या. घरात त्यावर एकच वाक्य बोललं जायचं : ‘काय करणार, रक्तातच आहे.’ आजोबाही त्याच वाटेनं गेले होते.

‘चढत नाही’ आणि ‘रक्तातच आहे’ ही दोन्ही वाक्यं मराठी घरांत आजही ऐकू येतात. गेल्या पन्नास वर्षांत विज्ञानानं दोन्ही तपासून पाहिली आहेत. ज्याला आपण कौतुक समजतो ती खरं तर धोक्याची खूण निघाली. आणि रक्ताची गोष्ट अर्धी खरी निघाली.

दत्तक गेलेली मुलं

बापाचं पाहून मुलगा पितो, की बापाकडून काही घेऊनच जन्माला येतो? एकाच घरात वाढलेल्या मुलांवरून याचं उत्तर मिळत नाही, कारण तिथं रक्तही तेच आणि संगतही तीच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी त्यासाठी डेन्मार्कमधली दत्तक नोंदणी वापरली. जन्मानंतर काही आठवड्यांतच परक्या घरी दत्तक गेलेल्या मुलग्यांचा त्यांनी अभ्यास केला. १९७३ साली निष्कर्ष आला. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, त्या मुलांपैकी १८ टक्के व्यसनी झाले. बाकीच्या दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होतं. ज्या बापाचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्याचा वारसा मुलापर्यंत पोचला होता.

पुढे जुळ्या भावंडांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा भरला. या ‘निम्म्या’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एखाद्याच्या व्यसनातला अर्धा दोष रक्ताचा, असा तो अर्थ नाही. समाजात कुणी व्यसनात अडकतो, कुणी नाही. माणसामाणसांतल्या या फरकापैकी निम्मा फरक जनुकांमुळे पडतो, इतकंच तो आकडा सांगतो. त्याच डेन्मार्कच्या अभ्यासात व्यसनी जन्मदात्यांची ८२ टक्के मुलं व्यसनी झाली नाहीत, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं.

यकृतातला पहारेकरी

मग वारशात येतं काय? सर्वांत स्पष्ट उत्तर यकृतात सापडतं. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी. तो साठला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. जपान, चीन, कोरियातल्या बऱ्याच लोकांत दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम, एएलडीएच-२, जन्मतःच दुबळं असतं. एक पेला घेतला तरी त्यांना इतका त्रास होतो की दुसरा घ्यावासा वाटत नाही. हा त्यांचा जन्मजात पहारेकरीच.

हाच पहारेकरी औषधातूनही उभा करता येतो, हे अपघातानं कळलं. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकॉबसेन डायसल्फिराम हे औषध जंतांवर चालतं का ते पाहत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं आणि नंतर मद्य घेतलं तेव्हा जीव घाबरा झाला. औषधानं तेच एन्झाइम बंद पाडलं होतं. १९४८ पासून ते दारू सोडवण्यासाठी दिलं जाऊ लागलं. एक कळकळीची सूचना : नवऱ्याच्या नकळत आमटीत गोळी मिसळण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याच्या संमतीनंच द्यायचं.

ईशान्येकडचा भाग सोडला तर भारतात हे दुबळं एन्झाइम फार विरळ. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात हा पहारेकरी नाही.

पचवणाऱ्याची गोष्ट

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून मद्य दिलं आणि त्यांना किती चढते, पाय किती लटपटतात ते नोंदवलं. व्यसनी बापांच्या मुलांना सरासरीनं कमी चढत होती. दहाएक वर्षांनी त्यांनी याच तरुणांचा पुन्हा शोध घेतला. व्यसनी बापांच्या मुलांपैकी ज्यांना सर्वांत कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनात अडकले होते. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होतं.

कारण साधं आहे. ‘आता पुरे’ ही सूचना शरीरातून येते. ज्याला ती उशिरा येते, तो बाकीच्यांइतकी मजा यावी म्हणून त्यांच्याहून जास्त पितो, रोज पितो, आणि शरीर तेवढ्या दारूला सरावतं. काका पचवत होते म्हणजे त्यांच्या घरातली धोक्याची घंटा वाजतच नव्हती.

दुसरी वाट मेंदूतून जाते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी दारूचा थेंबही न चाखलेल्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासल्या. ज्यांच्या घराण्यात व्यसनी माणसं जास्त, त्यांच्यात पी-३०० नावाची लहर कमी उंचीची दिसली. अशा मुलांत उतावळेपणाही अधिक असतो. थोडक्यात, ब्रेक जरा उशिरा लागतो.

पण ‘दारूचं जनुक’ असं एकच काही नाही. लाखो माणसांच्या जनुकांचे अभ्यास झाले, तेव्हा शेकडो बारीक बदल सापडले, आणि प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. त्यामुळे रक्त तपासून कुणाच्या कपाळी व्यसन लिहिलंय हे सांगणारी चाचणी आज नाही.

गोंडांवरचा आरोप

गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. तिथंच आजही चहाच्या टपरीवर सहज बोललं जातं, ‘गोंडांच्या तर रक्तातच दारू.’ या बोलण्याला विज्ञानाचा काही आधार नाही. जनुकांचे मोठे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. एका अख्ख्या समाजावर त्यावरून शिक्का मारता येत नाही.

गोंडांच्या पिण्याची मूळ रीत वेगळी होती. मार्च-एप्रिलमध्ये मंडला-डिंडोरीकडे पहाटे मोहाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ केलेली असते. बायकामुलं टोपल्या भरतात, फुलं अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. ही फुलं भाजून खातात, गुरांना घालतात आणि त्यांची दारूही गाळतात. जन्म, लग्न, मरण या प्रसंगी पहिले थेंब देवाला आणि पितरांना वाहिले जातात. पिण्याला ऋतू होता, कारण होतं, सोबत होती.

मग इंग्रजांच्या राज्यात दारू सरकारी उत्पन्नाचा विषय झाली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा भागात मोहफुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावरही बंधन आलं. घरची गाळण गुन्हा ठरली आणि दारू परवानाधारकाच्या दुकानात गेली. दुकानाला ऋतू नसतो.

रक्त तेच राहून पिणं कसं बदलतं, याचा आकडा जपानमध्ये आहे. दुबळ्या एन्झाइमचं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेले लोक तिथल्या व्यसनी रुग्णांत १९७९ साली २.५ टक्के होते. १९९२ साली ते १३ टक्के झाले. तेरा वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. बदलली ती पिण्याची रीत, साहेबासोबत आणि गिऱ्हाइकासोबत रोज बसण्याची. पहारेकरी होता, पण त्याचं कुणी ऐकेनासं झालं. उलट दिशेची वाट आपल्याजवळच गडचिरोलीत दिसते. गोंडांची मोठी वस्ती असलेल्या त्या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या साथीनं लोकांनी लढा दिला, १९९३ पासून तिथं दारूबंदी आहे, आणि गावोगावच्या बायका चोरट्या विक्रीशी आजही झगडतात.

घरच्यांनी काय करायचं

गढ्यातच मेडिकल कॉलेज आहे, १९५५ सालचं. अशा कुठल्याही मानसोपचार विभागात डॉक्टर एक आकृती काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि ज्याला व्यसन तो चौकोन काळा. ही वंशावळ घरीच, मुलं चौदा-पंधराची होण्याआधी, त्यांच्यासमोर काढा. रक्तदाब किंवा मधुमेहाबद्दल बोलतो त्याच सुरात बोला. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी प्यायला लागलेल्यांपैकी ४० टक्के पुढे व्यसनी झाले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणून घरात काळे चौकोन असतील तर पहिला पेला जितका लांबेल तितकं चांगलं, आणि आलाच नाही तर उत्तम.

जो अडकला आहे त्याला उपचार आहेत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून ते दाखवून देत आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकाएकी, एकट्यानं बंद करू नये. झटके येऊ शकतात, त्यासाठी रुग्णालय हवं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. बाकीचे ३७ आपल्या काकांसारखे, पेल्यात अर्धा चहा घेऊन बसलेले असतात.

मागच्या होळीला बैठकीत कुणीतरी काकांच्या नातवाच्या पाठीवर थाप मारली. ‘याला चढतच नाही, अगदी आजोबांवर गेलाय.’ सगळे हसले, तोही लाजून हसला. मी त्याला अंगणात नेलं आणि त्यानं कधी न ऐकलेली कपबशीची गोष्ट सांगितली.