ओहोटीची पंगत

आम्ही नाशिककर गोदाकाठची माणसं. समुद्र म्हणजे आमच्यासाठी भेळ, घोडागाडी आणि फोटो! त्यामुळे त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा घाट उतरून बोर्डीला पोहोचलो, तेव्हा लेकीने भोकाडच पसरलं. ‘‘आई, समुद्र गेला कुठं?’’ समोर नुसता ओला, चमचमता पट्टा आणि पाणी पार लांब. ओहोटी लागली होती.

तेवढ्यात तिला पक्ष्यांचा थवा दिसला. ती टाळ्या वाजवत धावली, थवा भुर्रकन उडाला. मीही हसून टाळ्या पिटल्या. शिंपल्या वेचून परतणाऱ्या एक मावशी डोक्यावरची पाटी सावरत थांबल्या. म्हणाल्या, ‘‘बाय, जेवत्या पानावरून उठवू नये कुणाला.’’

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्या दिवशी माझा संकष्टीचा उपास होता आणि समोर खरोखरच पंगत बसली होती!

मग सुरूच्या सावलीत आम्ही चुपचाप बसलो. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी चार पावलं पळायचे, थांबायचे, वरच्यावर दिसेल तो किडा टिपायचे. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कोरल मात्र चिखलात खोल चोच खुपसून गांडुळासारखे किडे ओढून काढत होता. एकाच ताटात जेवण, पण भांडण नाही. ज्याची त्याची चोच वेगळी, घासही वेगळा. पाण्याच्या कडेला कुरव बसले होते.

यातले बरेचसे पाहुणे हिमालयापलीकडून, थेट सैबेरियाकडून येतात. उन्हाळ्याआधी परतीचा प्रवास. त्यासाठी अंगात चरबी साठवायची, आणि ताट वाढलेलं असतं ते ओहोटीचे काही तासच. पुन्हा भरती आली की ताट झाकलं! दर वेळी आपण उडवलं, तर खाणं राहतं बाजूला आणि साठवलेली ताकदही खर्ची पडते.

मैत्रिणींनो, वेळ कशी कळणार? मावशींनी सांगितलेला हिशेब सोपा आहे. घरातलं कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन; त्यात सहा मिळवा, ओहोटी नऊला. गावागणिक तासभर मागेपुढे होतं. पाणी वळलं की मात्र लगेच काठावर या.

पक्षी पाहायला समुद्रच हवा असंही नाही. आपल्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर 2020 साली रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं! हिवाळ्यात तिथेही अशीच पाहुण्यांची पंगत असते.

संध्याकाळी दुसरी मुलं थव्याकडे धावली. माझी लेक कमरेवर हात ठेवून आडवी उभी राहिली. ‘‘थांबा, ते जेवताहेत!’’

त्या रात्री चंद्र पाहून मी उपास सोडला, तेव्हा मला कुणीही पानावरून उठवलं नाही.