परसातली मूठभर भाजी

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता जठारपेठेतल्याच एक बाई तपासायला आल्या. वय पस्तीसच्या आसपास. जिना चढला की धाप लागते, संध्याकाळी पाय ओढतात, कशात मन लागत नाही, अशी तक्रार. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढुरकी. रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेसात निघाले. जेवणात काय असते, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘पोळी, वरण अन् आलूची भाजी. बाजार होते आठवड्यातून एकदा. पालेभाजी दोन दिवसांत पिवळी पडते, मंग आणून करा काय?’’

मी विचारले, घरामागे जागा आहे का? त्या हसल्या. ‘‘हाये ना. जुन्या विटा पडल्या हायेत तिथं.’’

त्या विटांच्या जागेविषयीच आज लिहायचे आहे. दसरा तोंडावर आला आहे, पाऊस ओसरला आहे आणि परसबाग सुरू करायला वर्षातला हाच सर्वांत सोपा काळ आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हिमोग्लोबिन साडेसात असताना नुसती मेथी-पालक खाऊन ते भरून निघत नाही. या बाईंना लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचे औषध दिले, पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो का याचीही तपासणी केली. गोळ्यांनी रक्त वाढते. पण गोळ्या बंद झाल्यावर ताट जर तेच राहिले, तर वर्षा-दोन वर्षांनी माणूस पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. परसबाग उपयोगी पडते ती या ठिकाणी. हा प्रश्न एकट्या या बाईंचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक!

बागेकडून अपेक्षा किती ठेवावी?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. पाच माणसांच्या घराला हे रोजचे दोन किलो, महिन्याचे साठ किलो झाले. दहा फूट बाय दहा फुटांच्या तुकड्यातून हे निघणार नाही. तेव्हा कांदा, बटाटा, पानकोबी खुशाल बाजारातून आणावी. परसात लावायचे ते असे, की जे तोडल्यावर लवकर सुकते आणि रोज मूठभर जरी मिळाले तरी कामाचे असते. मेथी, पालक, सांभार, राजगिरा, अंबाडी, कुंपणाशी एक शेवगा, एक गोडलिंब आणि जागा असल्यास एक लिंबू.

शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला मात्र शेळीला घालतो. त्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व करणारे द्रव्य भरपूर आहे. वरणात मूठभर कोवळा पाला टाकला तर लहान मुलांना कळतही नाही. झाड तीन-चार फुटांवर छाटत राहावे, म्हणजे पाला हाताला येतो आणि वाऱ्याने फांदी मोडून शेजाऱ्याच्या कौलावर पडत नाही.

जागा, माती, पाणी

जागा निवडताना एकच पाहावे: तिथे दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन येते का? बाकी सारे दुरुस्त करता येते, ऊन विकत मिळत नाही.

आपली काळी माती कसदार, पण चिवट. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू मिसळून जमिनीपासून सहा इंच उंच वाफा करावा. वाफा तीन फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. एकदा वाफ्यात पाय पडू लागले की माती पुन्हा दगड होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पालेभाजीसाठी आठ इंच खोल कुंडी पुरते. वांगे-टमाट्याला फूटभर तरी खोली हवी. गच्चीवर कुंड्या ठेवायच्या तर भिंतीच्या कडेने ठेवाव्यात. ओल्या मातीचे वजन आपल्या अंदाजापेक्षा बरेच अधिक असते.

पाण्याची गोष्ट मात्र वऱ्हाडात निराळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. माझी स्वतःची पहिली बाग याच पाण्याने बुडवली. हौसेने एप्रिलमध्ये सुरुवात केली आणि बोअरचे पाणी भरपूर सोडले. महिन्याभरात मातीवर पांढरी पापडी धरली, रोपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि मे महिन्याच्या उन्हाने उरलेले काम केले. पाणी खारट असेल तर घेवडा, गाजर, कांदा यांच्या वाटेला जाऊ नये. पालक आणि बीट बऱ्यापैकी तग धरतात. पावसाळ्यात वाफ्यात पाणी मुरू दिले की साठलेले क्षार धुऊन जातात.

हिशेब असा की, शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला हिवाळ्यात रोज दोन बादल्या पाणी लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीहून अधिक. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात उन्हाळी बाग निम्मी करावी, यात कमीपणा नाही. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी बागेला घालावे. साबणाचे नको, आणि संडास-नालीचे तर कदापि नको. वाफ्यावर सोयाबीनचे कुटार दोन बोटे जाड पसरले की ओल टिकते. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम पूर आणण्यापेक्षा रोज सकाळी थोडे पाणी बरे.

केव्हा काय लावावे?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मेथी, पालक, सांभार, मुळा पेरावा. टमाटे व वांग्याची रोपे लावावीत. मेथी महिन्याभरात खायला येते. सारा वाफा एकाच दिवशी पेरू नये. अर्धा आज, अर्धा पंधरा दिवसांनी. नाहीतर एकदम ढीग येतो आणि पुढे महिनाभर काही नाही. पालक मुळासकट न उपटता कापून घ्यावा, तो पुन्हा फुटतो. महाशिवरात्रीच्या सुमारास भेंडी, गवार, चवळी आणि आपली चिवळ. मृग लागला की दोडके, कारले, वाल, कोहळे आणि अंबाडी. वेलांना मांडव तुराट्यांचा करावा; पैसा लागत नाही. बियाण्यांसाठी व सल्ल्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या अकोल्यातच आहे. त्याचा लाभ शहरातल्यांनीही घ्यावा.

कीड आणि औषधे

एक गोष्ट हात जोडून सांगतो. शेतावर उरलेले कपाशीचे औषध परसातल्या भाजीवर मारू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष उघड्या शेतात माणूस मारते, ते स्वयंपाकघरापासून दहा फुटांवर नको. ती बाटली घरातही ठेवू नये. मावा दिसला तर आधी पाण्याची जोराची धार मारावी, अळ्या हाताने वेचाव्यात. तरी भागले नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारावी. हा अर्कही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

बाग करताना जिवाला जपा

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. माझ्याच घरी बागेसाठी भरलेल्या उघड्या ड्रममध्ये वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या आणि त्या दाखवल्या माझ्या मुलीने! तेव्हापासून ड्रमला झाकण, आणि दर रविवारी ड्रम व कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासणे सुरू आहे.

शेणमातीत काम करताना जखम झाली तर साबणाने धुवावी व धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले होते ते डॉक्टरांना सांगावे. अनवाणी बागेत जाऊ नये. पालापाचोळ्याच्या व विटांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. विंचू-सापाला ती जागा आवडते. उन्हाळ्यात बागेचे काम सकाळी नऊच्या आत आटोपावे.

ताटात घेताना

घरची भाजी असली तरी तीन पाण्यांतून धुवावी आणि चिरण्याआधी धुवावी. शिजवताना झाकण ठेवावे, पाणी फेकू नये. पालकातले लोह शरीराला फारसे लागत नाही. मेथी, राजगिरा, शेवगा आलटून पालटून असावेत. ताटावर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते. याउलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते, तासभर थांबावे. मुतखडा झालेल्यांनी पालक बेताने खावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता त्या बाईंचे पुढे काय झाले? विटा हलल्या. पहिली मेथी चिमण्यांनी खाल्ली, दुसरी घरच्यांनी. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला तेव्हा हिमोग्लोबिन साडेअकरावर होते. ते यश गोळ्यांचे. पण गोळ्या थांबून सहा महिने झाल्यावर पुन्हा तपासले, तेव्हाही ते खाली आलेले नव्हते. सगळे श्रेय वाफ्याला देता येणार नाही, चहाची वेळही त्यांनी बदलली होती. जाताना पिशवीतून शेवग्याचा पाला काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुमच्या घरी लावला का नाही अजून?’’

लावला आहे. या पावसाळ्यात, ड्रमच्या शेजारी. वाचकहो, आपणही या रविवारी घरामागची जागा एकदा पाहून घ्या. सुरुवातीला तीन फूट बाय चार फुटांचा एक वाफा आणि दहा-वीस रुपयांची मेथी पुरे आहे.