जमैकाचा नाताळ

नाताळ म्हटला की हिमाने झाकलेली घरे डोळ्यांपुढे येतात. जमैका बेटावर हिम नाही. तेथे या सणाला लाल अंबाडीची बोंडे आल्यासह उकळून केलेले पेय असते. आणि इतिहासाची एक जळजळीत आठवणही असते.

उसाच्या मळ्यांवरील गुलामांना नाताळात थोडे दिवस सुटी मिळे. घटकाभर नाचगाण्यात रमलेला गुलाम पुन्हा निमूटपणे राबेल, हा मालकांचा हिशेब होता. १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या गुलाम धर्मोपदेशकाने तो चुकविला. वेतनाशिवाय कामावर परतायचे नाही, अशी शपथ त्याने सोबत्यांना दिली. २७ डिसेंबरला मळे पेटले. १४ गोरे मारले गेले. सूड म्हणून ३०० हून अधिक गुलामांना देहदंड झाला. मे १८३२ मध्ये शार्प फासावर गेला. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. १९७५ मध्ये जमैकाने शार्पला राष्ट्रवीर म्हणून गौरविले.

सण दुःखाचा विसर पाडतात, असे म्हणतात. पण थोडे मोकळे दिवस अनुभवलेला माणूस उरलेल्या दिवसांचाही जाब विचारू लागतो, हे मळेवाल्यांच्या ध्यानी आले नाही.