औषधतज्ज्ञ खाटेपाशी हवा

पवारांच्या राजवटीपासून धार-देवासशी मराठी माणसाचा ऋणानुबंध आहे. तेथील आप्तांना काय किंवा आम्हां किनारपट्टीवासीयांना काय, सरकारी रुग्णालयात औषधतज्ज्ञ भेटतो तो बहुधा खिडकीआडच! वास्तविक त्याची गरज रुग्णाच्या खाटेपाशी आहे. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनसोबत काही वेदनाशामक गोळ्या दिल्यास रक्तस्राव ओढवू शकतो. मूत्रपिंड दुर्बल असल्यास अनेक औषधांची नेहमीची मात्राही घातक ठरते. असंख्य रुग्णांत गुंतलेल्या डॉक्टरांच्या नजरेतून हे निसटू शकते. अशा कामासाठीच २००८ साली सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम देशात सुरू झाला. परंतु पदवी द्यावयाची आणि पदांबाबत हात आखडता घ्यावयाचा, ही कसली नीती? मध्य प्रदेश असो वा आमचे राज्य, जिल्हा रुग्णालयांत ही पदे निर्माण झालीच पाहिजेत.