पंख मिटू द्या

सोसायटीच्या लॉनवर बाई आंबुशी मुळासकट उपटत होत्या आणि उपटलेल्या ढिगावर नखाएवढी निळी फुलपाखरं भिरभिरत होती. पुढच्याच आठवड्यात सासवडजवळ फुललेल्या तुरीत तशीच निळाई दिसली. ही तीच का, म्हणून फुलपाखरांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका मुलीला गाठलं.

"निळ्यावर जाऊच नका काकू," ती म्हणाली. तो निळा रंगद्रव्याचा नाही. पंखांवरच्या खवल्यांच्या रचनेमुळे उजेडात तसा दिसतो. शिवाय माद्या बऱ्याचशा तपकिरीच. ओळख पटते ती मिटलेल्या पंखांवरून. "एका जागी दहा मिनिटं बसायचं." लॉनवर उकिडवं बसलं की दहा मिनिटं किती लांबतात ते गुडघे सांगतात.

लॉनवरचं पेल ग्रास ब्लू. मिटल्या पंखांवर फिकट राखाडीत काळे ठिपके, शेपटी नाही. अळी वाढते आंबुशीवर. फुकुशिमाच्या अपघातानंतर किरणोत्साराचे परिणाम जपानी संशोधकांनी तपासले ते याच जातीवर, निबंध २०१२चा. आपल्याकडे तिचं अख्खं घर 'तण' म्हणून पोत्यात जातं.

तुरीतलं पी ब्लू. मिटल्या पंखांवर तपकिरी-पांढऱ्या लहरी, मागच्या कडेला दोन काळे डोळे आणि केसासारखी शेपटी. बसलं की मागचे पंख वरखाली घासतं. शेपट्या मिशांसारख्या हलतात. चोच मारणारा फसतो, खोट्या डोक्याचा तुकडा घेऊन जातो. आम्हाला दिसलं त्याचा तो कोपरा गेलेला होता, आणि तरीही ते फुलाफुलांवर मजेत फिरत होतं. मी तिथून हलेचना.

शेतमालक मामांनी एक शेंग फोडून दाखवली. आत हिरवी, चपटी अळी. तिच्या पाठीवरून पाझरणाऱ्या गोड थेंबासाठी मुंग्या तिला मिशांनी थोपटत होत्या. त्या बदल्यात तिला राखणही मिळते.

"घाटे अळीपुढे ही किरकोळ आहे हो," मुलगी म्हणाली.

"किरकोळ तुमच्या वहीत. माझी शेंग गेली ती गेलीच," मामा म्हणाले. तुरीच्या भावाचं ऐकलं होतं, त्यामुळे मला त्यांच्याशी वाद घालवेना. पण फवारा कुठली अळी घाट्याची आणि कुठली निळ्या फुलपाखराची, हे थोडंच विचारणार आहे?

"फवारणी कधी?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी."

"मग आज अजून दहा मिनिटं बसू," म्हणत तिनं वहीचं पान उलटलं.