हेकरू ओळखू या, समजून घेऊ या



मासा म्हटलं की आपण फळ्यावर नेहमी एकच चित्र काढतो. निमुळतं डोकं, दुभंगलेली शेपटी. मुलांना मग सगळेच मासे तसे वाटतात. यंदा मी फळा बाजूला ठेवला आणि बाजारातून एक हेकरू वर्गात आणला. कोकणात काही ठिकाणी याला गोब्रा म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत हा ग्रूपर. उष्ण समुद्रातल्या खडकांत आणि प्रवाळांच्या कपारीत राहणारा, चवीला उत्तम असा हा मासा.

ओळखायचा कसा?

1. तोंड भलं मोठं आणि खालचा जबडा थोडा पुढे आलेला.
2. पाठीवर एकच लांब पर. त्याच्या पुढच्या भागात बहुतेक जातींत 11 टणक काटे असतात. मुलांकडून मोजून घ्या.
3. कल्ल्याच्या झाकणावर मागच्या बाजूला तीन चपटे काटे.
4. शेपटी बहुधा गोलसर, पंख्यासारखी. तांबोशीची शेपटी मात्र कडेला सरळ किंवा किंचित आत वळलेली असते. दोघांत गल्लत होत असेल तर आधी शेपटी बघा.

केवळ रंगावर विसंबू नका. जिवंतपणी हा मासा रंग गडद-फिका करतो आणि मेल्यावर रंग उतरतो.

आता या खुणांचा अर्थ लावू. हेकरू भक्ष्यामागे लांबवर पळत नाही. कपारीत दबा धरून बसतो. मासा, कोळंबी किंवा खेकडा जवळ आला की झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. म्हणून तोंड मोठं. गोल, रुंद शेपटी एका झेपेसाठी उपयोगी. दूर पळणाऱ्या सुरमईची शेपटी कशी खोल दुभंगलेली असते, ते शेजारी ठेवून दाखवा.

आमचा मासा कापल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, यात गाबोळी नाही. म्हणजे हा नर ना?"

प्रश्न साधा, पण उत्तर साधं नाही! अनेक जातींचे हेकरू आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. आम्ही आणलेला नारिंगी-तपकिरी ठिपक्यांचा होता. या जातीची मादी साधारण 25 ते 30 सेंटीमीटर लांबीला, दोन-तीन वर्षांची झाल्यावर अंडी घालण्याजोगी होते. नर होण्याचा बदल घडतो तो 55 ते 75 सेंटीमीटरच्या दरम्यान. आमचा मासा पट्टीने मोजला तर 24 सेंटीमीटर भरला. म्हणजे तो नर नव्हता, बहुधा वयात न आलेली मादी होती.

वर्ग एकदम गप्प झाला. मग एकजण म्हणाला, "म्हणजे हिने एकदाही अंडी घातली नाहीत?"

खरी गोष्ट इथेच आहे. लहान मासे उचलले तर पुढची पिढी जन्मण्याआधीच थांबते. फक्त मोठे उचलले तर नर कमी पडतात. दोन्ही बाजूंनी ओढ बसते. म्हणून जात ओळखणं महत्त्वाचं. अंगावर पाच गडद उभे पट्टे असलेला हेकरू मुळात लहान जातीचा असतो. तो आणि ठिपकेवाला एकाच मापाचे दिसले, तरी एक पुरता वाढलेला असू शकतो आणि दुसरा अजून पोरसवदा.

पालकांनो, पुढच्या वेळी बाजारात जाताना मुलांना सोबत न्या, खिशात एक पट्टी ठेवा. मासेवाल्या मावशींना नाव विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. ठिपके की पट्टे ते बघा, लांबी वहीत लिहा. काटे टोचतात, तेव्हा मासा हाताळताना मोठ्यांनी जवळ थांबावं.

आमच्या वर्गाने त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली : घेण्याआधी मोजू.